मौनं संमतिलक्षणम्? बॉर्नवुडचे एच. एल. आणि इंग्लंडच्या कायद्यातील एक पोकळी

थ्रेड

१/
२२ जुलै १९९७. इंग्लंडमधील सरे परगण्यातील एका डे केअर केंद्रात ४८ वर्षांचे एक गृहस्थ अचानक अस्वस्थ झाले. ते भिंतीवर डोके आपटू लागले, स्वतःच्या डोक्यावर मुठी मारू लागले. जन्मापासून स्वमग्न असलेल्या या गृहस्थांना बोलता येत नव्हते. न्यायालयाच्या कागदपत्रांत त्यांची ओळख दोन आद्याक्षरांपुरतीच आहे: एच. एल.

२/
केंद्रातील कर्मचाऱ्यांनी त्यांच्या घरी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. तो झाला नाही. डॉक्टरांना बोलावून गुंगीचे औषध देण्यात आले. एच. एल. यांना आधी अपघात विभागात आणि तेथून बॉर्नवुड या रुग्णालयाच्या मानसोपचार कक्षात नेण्यात आले. औषधाच्या अमलाखाली ते शांतपणे गेले. त्यांनी विरोध केला नाही. पुढची सात वर्षे तीन देशी न्यायालये आणि एक युरोपीय न्यायालय या ‘विरोध केला नाही’चा अर्थ लावत बसणार होती.

३/
बॉर्नवुड त्यांना परके नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षापासून तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी तेथेच काढला होता. मार्च १९९४ मध्ये रुग्णालयाने त्यांना चाचणी म्हणून एका दांपत्याच्या घरी राहावयास पाठविले. न्यायालयाच्या नोंदींत हे दांपत्य ‘श्री. व सौ. ई’ म्हणून येते. चाचणी यशस्वी झाली, एच. एल. त्या घरात रमले. मात्र रुग्णालयाच्या दप्तरी त्यांचा अंतिम ‘डिस्चार्ज’ कधी नोंदलाच गेला नाही.

४/
दाखल करून घेणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वये त्यांना सक्तीने ठेवण्याचा विचार केला होता. पण रुग्ण प्रतिकार करीत नाही, जाऊ पाहत नाही. मग सक्तीची गरजच काय? म्हणून ‘अनौपचारिक रुग्ण’ अशी नोंद झाली. कक्षाला कुलूप नव्हते. परंतु एच. एल. यांनी जाण्याचा प्रयत्न केला असता तर त्यांना अडविले जाणार होते, हे सर्वांनाच ठाऊक होते.

५/
ई दांपत्याला भेटीस येऊ नका, असे सांगण्यात आले. कारण काय? त्यांना पाहून एच. एल. यांना वाटेल की आता घरी जायचे, आणि ते अद्याप जाण्याच्या स्थितीत नाहीत. या एका वाक्यात सारा प्रश्न सामावलेला आहे. ज्याला केव्हाही जाता येते असा दावा आहे, त्याला घरची आठवण होऊ नये म्हणून घरच्यांना दारातच थांबवावे लागते.

६/
येथे एक विपर्यास नीट समजून घ्यायला हवा. १९८३ च्या कायद्याखाली जे रुग्ण सक्तीने ठेवले जात, त्यांच्याभोवती हक्कांचे कुंपण होते. दोन डॉक्टरांची शिफारस, रीतसर अर्ज, ठरावीक मुदत, स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद, काही उपचारांसाठी बाहेरच्या डॉक्टरांचे दुसरे मत. जो आरडाओरडा करी, दाराला धडका देई, त्याला हे सारे मिळे. जो गप्प बसे त्याला यातले काहीच नाही.

७/
हे निष्काळजीपणातून झाले असे म्हणणे सोपे आहे. वस्तुस्थिती अधिक विचित्र आहे: ही पोकळी एका उदार, माणुसकीच्या सुधारणेतून जन्मली. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे सातशे वर्षे.

८/
‘दे प्रेरोगातिवा रेजिस’ या मध्ययुगीन दस्तऐवजात इंग्लंडच्या राजाचे विशेषाधिकार नोंदलेले आहेत. त्यात दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख येतो. जन्मतः समज नसलेल्याची जमीन राजाच्या ताब्यात जाई. त्याचे पोषण करून उरलेले उत्पन्न राजाचे. पुढे भ्रमिष्ट झालेल्याची मालमत्ता मात्र राजाने त्याच्यासाठी व त्याच्या कुटुंबासाठी सांभाळून ठेवायची. न जाणो, उद्या शुद्धीवर आला तर!

९/
म्हणजे कायद्याची नजर प्रथम पडली ती जमिनीवर. माणूस तिच्या पाठोपाठ आला. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याच्याकडे राजाचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. तरीही या व्यवस्थेतून एक तत्त्व टिकून राहिले: स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या प्रजाजनाचा पालक राजा. कायद्याच्या भाषेत ‘पेरेन्स पेट्री’. राजा आपल्या स्वाक्षरीच्या आज्ञापत्राने हा अधिकार लॉर्ड चान्सलरकडे आणि पुढे न्यायाधीशांकडे सोपवीत असे.

१०/
विसाव्या शतकाच्या आरंभी वारे फिरले. सुप्रजननशास्त्राचा पगडा वाढला आणि ‘मंदबुद्धी’ माणसे समाजाला धोका आहेत, त्यांना वेगळे ठेवावे, असा विचार संसदेपर्यंत पोहोचला. १९१३ च्या मेंटल डेफिशिअन्सी अॅक्टने माणसांचे वर्ग पाडले आणि त्यांना वसाहतींत, संस्थांत ठेवण्याचा मार्ग खुला केला. सरकारी गरीब-मदतीवर जगणाऱ्या अविवाहित मातेलाही या कायद्याखाली आत टाकता येत असे.

११/
एकदा आत गेलेला माणूस बाहेर येण्याचा मार्ग अरुंद होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नॅशनल काउन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने याविरुद्ध मोहीम उघडली. १९५१ मधील तिच्या पुस्तिकेचे शीर्षकच सांगत होते की ५० हजार माणसे कायद्याच्या बाहेर राहिली आहेत. १९५६ मध्ये बंदी प्रत्यक्षीकरणाच्या अर्जावर न्यायालयाने एका तरुणीची मुक्तता केली, आणि त्यानंतर अशाच इतर अनेकांची प्रकरणे पुन्हा तपासावी लागली.

१२/
दरम्यान, १९५४ मध्ये लॉर्ड पर्सी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला होता. १९५७ च्या त्याच्या अहवालाचा गाभा असा: मानसिक आजाराचा रुग्ण हाही रुग्णच. पाय मोडलेला माणूस ज्या साधेपणाने दवाखान्यात जातो, त्याच साधेपणाने यालाही जाता यावे. प्रमाणपत्रे, दंडाधिकारी, शिक्के या साऱ्यांचा कलंक त्याच्या कपाळी का असावा? सक्ती हा अपवाद असावा.

१३/
आयोगाने एक पाऊल पुढे टाकले. संमती देण्याची समजच नसलेल्या रुग्णालाही, तो स्पष्ट विरोध करीत नसेल तर, कोणत्याही औपचारिकतेविना दाखल करून घ्यावे. १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे स्वीकारले आणि १९८३ च्या कायद्यातील कलम १३१ ने ते पुढे चालविले. हजारो माणसांवरचा शिक्का पुसला गेला. शिक्क्याबरोबर पहाराही उठला, हे तेव्हा कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

१४/
त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. नव्या कायद्याने सर्व गरजा भागतील असे गृहीत धरून १९६० मध्ये राजसत्तेचे ते जुने आज्ञापत्र रद्द करण्यात आले. सज्ञान पण असमर्थ व्यक्तीच्या शरीराविषयी, निवासाविषयी, उपचारांविषयी तिच्या वतीने निर्णय घेण्याचा न्यायालयाचा अधिकार त्याबरोबर संपला. सातशे वर्षांचे पालकत्व एका प्रशासकीय कागदाने लयास गेले.

१५/
(जाता जाता: लंडनमध्ये जो अधिकार संपला, त्याची एक शाखा मुंबईत तगून राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८६५ च्या लेटर्स पेटंटमधील १७ वे कलम अज्ञान व मनोदुर्बल व्यक्तींविषयीचे आहे. कोमात गेलेल्या व्यक्तीसाठी पालक नेमताना हे न्यायालय गेल्या काही वर्षांतही ‘पेरेन्स पेट्री’ तत्त्वाचा आधार घेत आले आहे.)

१६/
इंग्लंडमध्ये या रिकाम्या जागेची जाणीव झाली १९८९ मध्ये. रुग्णालयात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका स्त्रीची नसबंदी करावी की नाही, हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. तेव्हा हे इंग्लंडचे सर्वोच्च न्यायपीठ होते. लॉर्डांना आढळले की तिच्या वतीने संमती देण्याचा अधिकार देशात कोणालाच नाही: आईला नाही, डॉक्टरांना नाही, न्यायालयालाही नाही.

१७/
मग मार्ग काढला गेला तो ‘आवश्यकते’च्या सामान्यविधीतील तत्त्वाचा. कृती रुग्णाच्या सर्वोत्तम हिताची आणि आवश्यक असेल, तर संमतीविना केली तरी ती बेकायदा नाही. हे तत्त्व तपशिलाने मांडणारे न्यायमूर्ती होते लॉर्ड गॉफ. बुडत्याला पाण्याबाहेर ओढताना त्याची परवानगी कोण विचारतो? तत्त्व शहाणपणाचे आहे. पण पाण्याबाहेर काढलेल्या माणसाला किती दिवस धरून ठेवायचे, हे ते सांगत नाही.

१८/
आता पुन्हा बॉर्नवुडकडे. सप्टेंबर उजाडला तरी एच. एल. आतच होते. त्यांच्या नावाने न्यायालयात अर्ज दाखल झाला. ९ ऑक्टोबर १९९७ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला: त्यांना अडवून ठेवलेलेच नाही, तेव्हा सोडण्याचा प्रश्न कोठे? अपील न्यायालयाने मात्र २९ ऑक्टोबरला सूचित केले की आपला कौल एच. एल. यांच्या बाजूने जाणार आहे.

१९/
त्याच दिवशी रुग्णालयाने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ज्या रुग्णाला सक्तीची गरज नाही असे तीन महिने सांगितले जात होते, त्याला त्याच दिवशी १९८३ च्या कायद्याखाली सक्तीने ठेवण्यात आले. याचा एक अनपेक्षित लाभ झाला. एच. एल. आता रीतसर बंदिस्त होते, म्हणून त्यांना हक्क प्राप्त झाले. २ नोव्हेंबरला ई दांपत्याची व त्यांची पहिली भेट झाली. तीन महिन्यांहून अधिक काळानंतर. ५ डिसेंबरला ते घरी आले आणि १२ डिसेंबरला त्यांना अधिकृतपणे मुक्त करण्यात आले.

२०/
पण खटला संपला नव्हता. अपील न्यायालयाचा तर्क सरळ होता: ज्यांच्या ताब्यात जागा आहे त्यांचा इरादा त्याला जाऊ न देण्याचा असेल आणि तसे करण्याची शक्तीही त्यांच्याकडे असेल, तर तो माणूस बंदिस्त आहे. रुग्णालय हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेले. त्याच्या पाठीशी सरकारचे आरोग्य खाते उभे राहिले, कारण आकडे घाबरवणारे होते.

२१/
त्या वेळी इंग्लंड व वेल्समध्ये कोणत्याही एका दिवशी सक्तीने ठेवलेले रुग्ण सुमारे १३ हजार असत. अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला तर त्यांत आणखी २२ हजारांची भर पडेल, शिवाय वर्षाकाठी ४८ हजार नवे प्रवेश कायद्याच्या कक्षेत येतील, असा अंदाज मेंटल हेल्थ अॅक्ट कमिशनने मांडला. या आकड्यांकडे दोन प्रकारे पाहता येते. प्रशासनाला त्यात कामाचा डोंगर दिसला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर तेच आकडे पहाऱ्याविना कोंडलेल्या माणसांची शिरगणती होते.

२२/
२५ जून १९९८ रोजी लॉर्डांचा निकाल आला. मुख्य मत लॉर्ड गॉफ यांचेच. आवश्यकतेच्या तत्त्वानुसार रुग्णालयाचे वर्तन कायदेशीर होते, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. परंतु एच. एल. बंदिस्त होते का, यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. बहुमत म्हणाले, नव्हते. कक्ष उघडा होता आणि त्यांनी जाण्याचा प्रयत्न केला नाही. अडविण्याची तयारी म्हणजे अडविणे नव्हे.

२३/
दोघांनी वेगळे मत दिले: लॉर्ड नोलन आणि लॉर्ड स्टेन. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लॉर्ड स्टेन यांचे शब्द आजही उद्धृत होतात. एच. एल. जाण्यास मोकळे होते, ही कल्पना त्यांच्या मते निव्वळ परीकथा होती. आवश्यकतेच्या तत्त्वावर तेही अडले. रुग्णालयाच्या बाजूने निकाल देण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. पण गप्प राहणाऱ्या, असमर्थ रुग्णांना कोणतेही संरक्षण नसणे ही कायद्यातील असमर्थनीय पोकळी आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवले. ‘बॉर्नवुडची पोकळी’ हा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला.

२४/
देशातले दरवाजे बंद झाल्यावर प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १९५० च्या युरोपीय करारातील पाचवे कलम स्वातंत्र्याचे आहे. कोणाचेही स्वातंत्र्य हिरावायचे असेल तर ते कायद्याने आखून दिलेल्या पद्धतीनेच, आणि हिरावले गेलेल्या माणसाला न्यायालयाकडे त्वरित दाद मागता आली पाहिजे.

२५/
निकाल ५ ऑक्टोबर २००४ चा. न्यायालयाने कुलपाचा मुद्दा बाजूला सारला. दार लावलेले होते की नव्हते, हे निर्णायक नाही. एच. एल. यांच्या उपचारांवर आणि हालचालींवर रुग्णालयातील व्यावसायिकांचे संपूर्ण नियंत्रण होते. ते सतत देखरेखीखाली होते आणि जाण्यास मोकळे नव्हते. म्हणून त्यांचे स्वातंत्र्य हिरावले गेले होते. आणि त्यासाठी कायद्यात कोणतीही निश्चित पद्धत नव्हती: कोणी ठरवायचे, कशावरून, किती काळासाठी, पुनर्विचार केव्हा, काहीच नाही.

२६/
या निकालातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वेगळाच आहे. न्यायालयाने डॉक्टरांच्या हेतूवर संशय घेतला नाही. उलट त्यांचा सद्भाव मान्य करूनच सांगितले की प्रक्रियेची बंधने असतात ती चुकीच्या निर्णयांपासून आणि व्यावसायिक त्रुटींपासून माणसाचे रक्षण करण्यासाठी. ‘आम्ही त्याच्या भल्यासाठीच करतो’ हे उत्तर खरे असूनही पुरेसे नव्हते.

२७/
हा निकाल आला तेव्हा ब्रिटिश संसदेपुढे मानसिक क्षमता विधेयक होते. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो अनेक अर्थांनी पथदर्शी ठरला. प्रत्येक सज्ञान व्यक्ती निर्णयक्षम आहे असे आधी गृहीत धरायचे. क्षमता नाही हे दाखविण्याची जबाबदारी दुसऱ्यावर. क्षमता सरसकट मोजायची नाही, त्या त्या निर्णयापुरती मोजायची. शहाणपणाचा नसलेला निर्णय घेतो म्हणून कोणी असमर्थ ठरत नाही. (या एका वाक्यासाठी तरी हा कायदा वाचावा.)

२८/
परंतु बॉर्नवुडची पोकळी त्यात भरली गेली नव्हती. ती भरण्यासाठी २००७ मध्ये कायद्याला एक लांबलचक परिशिष्ट जोडले गेले आणि १ एप्रिल २००९ पासून ते अमलात आले. ‘डिप्रायव्हेशन ऑफ लिबर्टी सेफगार्ड्स’, संक्षेपाने ‘डोल्स’. मराठीत म्हणायचे तर स्वातंत्र्यहरणाबाबतच्या संरक्षक तरतुदी.

२९/
व्यवस्था अशी: एखाद्या केअर होमला किंवा रुग्णालयाला निर्णयक्षम नसलेल्या व्यक्तीला अशा प्रकारे ठेवावे लागत असेल, तर त्याने स्थानिक प्राधिकरणाकडे परवानगी मागायची. मग सहा तपासण्या: वय, मानसिक विकार, निर्णयक्षमता, सर्वोत्तम हित, दुसरा कायदा लागू होतो का, आणि व्यक्तीने पूर्वी नोंदविलेला नकार आड येतो का. परवानगी जास्तीत जास्त १२ महिन्यांची. त्या व्यक्तीसाठी एक प्रतिनिधी नेमायचा. त्याने संपर्क ठेवायचा, आणि गरज पडल्यास कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये आव्हान द्यायचे.

३०/
कागदावर उत्तम. पण पहारेकरीच धनी असेल तर? २००९ च्या अखेरीस लंडनच्या हिलिंगडन भागात वडिलांसोबत राहणारा विशीतला एक स्वमग्न तरुण काही दिवसांच्या विसाव्यासाठी नगरपरिषदेच्या केंद्रात गेला. वडील आजारी होते, तेवढ्यापुरतीच सोय. परिषदेने त्याला जवळपास वर्षभर परत पाठविले नाही. वडील सतत त्याला घरी मागत होते. परिषद डोल्सच्या परवानग्या एकामागून एक घेत गेली. परवानगी मागणारी परिषद, देणारीही परिषद.

३१/
डिसेंबर २०१० मध्ये तो घरी परतला. जून २०११ च्या निकालात न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी परिषदेवर ठपका ठेवला: स्वातंत्र्याचा आणि कौटुंबिक जीवनाचा, दोन्ही हक्कांचा भंग झाला होता. प्रकरण न्यायालयात नेण्यास उशीर केला, तरुणाची बाजू मांडणारा स्वतंत्र सहायक नेमण्यास उशीर केला, आणि परवानग्यांची खरी फेरतपासणी केलीच नाही. संरक्षणासाठी केलेली तरतूद परिषदेने आपलेच म्हणणे पुढे रेटण्यासाठी वापरली होती.

३२/
यानंतरचा टप्पा १९ मार्च २०१४ चा. हाउस ऑफ लॉर्ड्सची न्यायिक जागा आता सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. तेथे चेशायरमधील एक पुरुष आणि सरेमधील दोन बहिणी यांची प्रकरणे एकत्र ऐकली गेली. धाकटी एका लहान निवासगृहात राहत होती, थोरली एका पालक-मातेच्या घरी. थोरलीचे त्या बाईंवर मनापासून प्रेम होते. तिने घर सोडण्याचा कधी प्रयत्न केला नव्हता, तशी इच्छाही दाखविली नव्हती. खालच्या न्यायालयांना वाटले, हे तर साधे, सुखाचे घर; येथे कसले स्वातंत्र्यहरण?

३३/
लेडी हेल यांनी प्रश्नाची दिशाच पालटली. अपंग माणसाच्या स्वातंत्र्याची तुलना दुसऱ्या अपंग माणसाशी करून चालणार नाही. स्वातंत्र्याचा अर्थ सर्वांसाठी एकच. सतत देखरेख व नियंत्रण आहे का, आणि जाण्याची मोकळीक नाही का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ते स्वातंत्र्यहरणच. जागा किती छान आहे, माणूस किती आनंदी आहे, तो विरोध करतो की नाही, हे गैरलागू. पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच, अशा आशयाचे त्यांचे विधान मराठी कानाला मुळीच नवे वाटणार नाही.

३४/
चेशायरच्या पुरुषाबाबत सातही न्यायमूर्ती एकमत होते. बहिणींबाबत मात्र ४ विरुद्ध ३. अल्पमताचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. प्रेमळ घरात राहणाऱ्या या मुलीचे ‘स्वातंत्र्य हिरावले गेले आहे’ असे सामान्य भाषेत कोणीही म्हणणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शब्द इतका ताणला तर ज्यांना खरोखर कोंडले आहे त्यांच्यासाठी त्याची धार उरेल का? पुढच्या दहा वर्षांनी या शंकेला बरेच बळ दिले.

३५/
२०१३-१४ मध्ये इंग्लंडमध्ये डोल्सचे अर्ज तेरा हजारांच्या आसपास होते. २०१४-१५ मध्ये ते १ लाख ३७ हजारांवर गेले. २०२२-२३ पर्यंत वर्षाला ३ लाखांचा टप्पा ओलांडला गेला. कायद्याने तपासणीसाठी दिलेली मुदत २१ दिवसांची. प्रत्यक्षात त्या वर्षी ती पाळली गेली सुमारे १९ टक्के प्रकरणांत. अर्जदारांत मोठा भरणा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा. कित्येकांचे अर्ज तपासणीविना बंद झाले, कारण माणूसच उरला नव्हता.

३६/
या व्यवस्थेचा एक काटेरी परिणाम घरोघरी जाणवला. डोल्सखालील व्यक्ती ‘राज्याच्या ताब्यात’ मानली गेल्यामुळे, ती वार्धक्याने शांतपणे वारली तरी कॉरोनरची चौकशी अनिवार्य ठरली. ९० वर्षांच्या आजीच्या मृत्यूनंतर कुटुंबाला अंत्यविधीआधी चौकशीला सामोरे जावे लागे. एप्रिल २०१७ पासून ही सक्ती काढण्यात आली. हक्क देणारा कायदा माणसाच्या दाराशी कोणत्या रूपात येतो, याचे हे उदाहरण अभ्यासकांनी विसरू नये.

३७/
भारतात एच. एल. यांच्यासारखी व्यक्ती कोठे बसली असती? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात निर्णयक्षमतेचे गृहीतक आहे, नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पुनर्विलोकन मंडळे आहेत. परंतु त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांसाठीचा १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा भर देतो तो पालक नेमण्यावर. म्हणजे ‘सांभाळणार कोण’ याचे उत्तर मिळते. सांभाळणाऱ्याने दार लावून घेतले तर ते कोणी तपासायचे, या प्रश्नासाठी त्याच्याकडे डोल्ससारखी यंत्रणा नाही.

३८/
इंग्लंडमध्ये डोल्स मोडकळीस आल्याचे संसदेच्याच समितीने मार्च २०१४ मध्ये, चेशायरच्या निकालाच्या सहा दिवस आधी, सांगून ठेवले होते: ही व्यवस्था हेतूला पुरी पडत नाही, ती नव्याने रचा. मार्च २०१७ मध्ये विधी आयोगाने पर्यायी आराखडा दिला. मे २०१९ मध्ये त्यावर आधारित कायदा मंजूर झाला. ‘लिबर्टी प्रोटेक्शन सेफगार्ड्स’ असे नव्या तरतुदींचे नाव. अमलाची तारीख आधी २०२० सांगितली गेली, मग २०२२, मग तीही टळली.

३९/
एप्रिल २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की नव्या तरतुदी त्या संसदेच्या कार्यकाळात लागू होणार नाहीत. त्यामुळे २००९ चे परिशिष्टच चालू राहिले. केअर होमची व्यवस्थापिका अर्ज भरते, परिषदेत तो रांगेत लागतो. आणि पाळी आली की एक तपासनीस येऊन त्या व्यक्तीच्या खोलीत तिच्याशेजारी बसतो, तिला बोलता येत नसले तरी.